आमची गुळगुळीत तिकिटे

गेल्या दिवाळीत आमच्या घरी ऐन फराळावर कडाक्याचे भांडण झाले. चकली वातड झाली की चिवडा खारट, असल्या कारणावरून नव्हे. ते खटले आमच्याकडे स्वयंपाकघरातच निकालात निघतात आणि पुरुषांना साक्षीलाही बोलावीत नाहीत. भांडण झाले पोस्टाच्या तिकिटावरून.

माझ्या तेरा वर्षांच्या पुतण्याला तिकिटांचा नाद आहे. पाडव्याला त्याने आपला आल्बम बैठकीत आणला आणि नव्याने मिळवलेली काही तिकिटे मोठ्या अभिमानाने सर्वांपुढे धरली. ती होती फ्रान्सच्या दक्षिणेकडील व अंटार्क्टिक मुलखाची. त्यांवर गलबते होती, बर्फात गाडून घेतलेली माणसे होती, आणि सगळे कसे केसासारख्या बारीक रेघांनी कोरलेले. फराळाला आलेल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी चष्मा वर केला, तिकीट पाहिले आणि लाडू फोडत विचारले, "तिथे वस्ती किती?"

"कायमची कोणाचीच नाही," पुतण्या म्हणाला.

"मग टपाल कोण पाठवतो? पेंग्विन?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला रात्री झोपताना लाज वाटली. मुलाने आल्बम मिटून घेतला तो दिवाळीभर पुन्हा उघडला नाही. तेव्हा शेजारीबुवांना जे उत्तर मी पाडव्याला द्यायला हवे होते, ते वर्षभराने का होईना, इथे देतो. उशीर झाला खरा, पण अंटार्क्टिकाचे टपाल उशिराच पोचते.

त्या मुलखात कायमची वस्ती नाही ही गोष्ट खरी. केर्गेलेन, क्रोझे, सेंट पॉल, ॲमस्टरडॅम ही बेटे आणि अंटार्क्टिकावरचा अदेली किनारा मिळून १९५५ साली फ्रान्सने हा वेगळा प्रशासकीय मुलूख केला. तिथे राहतात ते शास्त्रज्ञ, डॉक्टर, आचारी, सुतार. काही महिने, फार तर वर्षभर. केर्गेलेनला विमानतळ नाही. रेयुनियन बेटावरून जहाज निघते तेव्हा माणसे जातात, भाजी जाते आणि पत्रे जातात, आणि या फेऱ्या वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतक्या. आता मला सांगा, पत्राची किंमत कोणाला जास्त? दिवसातून चाळीस वेळा खिशातला फोन काढून पाहणाऱ्या आपल्याला, की जहाजाचा भोंगा ऐकायला कान लावून बसलेल्या त्या आचाऱ्याला? वस्ती मोजून टपालाची योग्यता ठरवायची तर दादर स्टेशनाच्या जिन्यावर मोठे पोस्ट काढावे लागेल.

शेजारीबुवांचा दुसरा घाव अधिक वर्मी लागणारा होता. "अहो, हे सगळे हौशी लोकांच्या खिशात हात घालण्याचे धंदे," ते म्हणाले. असतील! ही तिकिटे संग्राहक विकत घेतात आणि त्या मुलखाच्या तिजोरीत त्याचे पैसे पडतात, हे कोणी लपवलेले नाही. पण धंदा म्हटला की माल कसा आहे हे पाहायचे की नाही? पेढेवाला पेढे विकतो म्हणून त्याच्यावर राग धरावा, की पेढ्यात खवा सोडून मैदा घातला म्हणून?

त्या फ्रेंच तिकिटांतली पुष्कळशी तिकिटे पोलादात कोरून छापलेली असतात. ही विद्या काय आहे ते थोडे खुलासेवार सांगायला हवे, कारण ज्याची थट्टा करायची तेही माहीत असलेले बरे. मऊ पोलादाचा एक लहानसा तुकडा घ्यायचा. त्यावर तिकिटाएवढ्याच जागेत, भिंगातून पाहत, कोरणीने चित्र खोदायचे, आणि तेही उलटे. आरशात दिसेल तसे. रेघ खोल गेली की छपाईत गडद उमटते, उथळ राहिली की फिकी. चुकलेली रेघ रबराने खोडता येत नाही. काम आठवडे चालते, कधी महिनेही. मग ते पोलाद कडक करतात, मऊ पोलादाच्या रुळावर दाबून त्याचा उठाव घेतात, तो रूळ कडक करून छपाईच्या पत्र्यावर पुन्हा पुन्हा दाबतात, आणि एका चित्राची शेकडो होतात. छापताना शाई खाचांत राहते, वरची पुसून जाते, आणि जबर दाबाखाली कागद त्या खाचांत शिरून शाई उचलून आणतो. म्हणून कोरीव तिकिटावरून बोट फिरवले तर रेघ बोटाला लागते.

आणि इथेच बर्फाचा संबंध येतो. छायाचित्रावरून ठिपक्याठिपक्यांनी छापलेल्या तिकिटात बर्फ पाहा: करडा, मळका, धुणे नीट न पिळलेल्या पंच्यासारखा. कोरणारा कारागीर बर्फ काढीतच नाही. तो बर्फाभोवतीची सावली काढतो, जहाजाच्या दोरखंडांची रेघ न् रेघ काढतो, आणि बर्फाच्या जागी कोरा कागद राहू देतो. ध्रुवाकडचा प्रदेश दाखवायला याहून योग्य रीत मला तरी ठाऊक नाही. १९५४ साली फॉकलंडच्या अधीन मुलखाने दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या पंधरा जहाजांची मालिका काढली: 'डिस्कव्हरी', 'स्कोशिया', शार्कोचे 'पुर्क्वा-पा?', बर्फात सर्वप्रथम हिवाळा काढणारी 'बेल्जिका'. त्यातली 'एन्ड्युरन्स' १९१५ साली वेडेल समुद्रात बुडाली आणि २०२२ च्या मार्चमध्ये तीन हजार मीटर खोल पाण्यात सापडली. ती सापडेपर्यंतच्या काळात कितीतरी पोरांनी ते जहाज पाहिले ते नऊ पेन्सच्या कोरीव तिकिटावरच.

"फोटो आहेत की!" हेही शेजारी म्हणालेच. आहेत. 'एन्ड्युरन्स'चे फोटो फ्रँक हर्ली याने काढले, आणि जहाज सोडताना ओझे कमी करण्यासाठी शेकडो काचा बर्फावर आपटून फोडाव्या लागल्या, निवडक तेवढ्या राखल्या. त्या फोटोंपुढे मी हात जोडतो. पण हातभर लांबीचा फोटो इंचभर कागदात कोंबला की त्याचे भरीत होते. तिकिटाला तिकिटाच्या मापाचीच कला लागते.

एक योगायोग मला फार आवडतो. द्युमाँ द्युर्व्हील या फ्रेंच दर्यावर्द्याने तो बर्फाळ किनारा पाहून त्याला आपल्या पत्नीच्या नावावरून 'अदेली' नाव दिले ते १८४० च्या जानेवारीत. (पेंग्विनांच्या एका जातीलाही पुढे तेच नाव मिळाले, बायकोचे नाव असे अजरामर करणारे नवरे थोडेच.) आणि त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला जगातले पहिले चिकटवायचे तिकीट, पेनी ब्लॅक, चालू झाले. त्यावरचा राणीचा मुखडा चार्ल्स हीथ आणि त्याचा मुलगा फ्रेडरिक यांनी पोलादात कोरला होता. अदेलीचा किनारा आणि कोरीव तिकीट ही एकाच सालची भावंडे आहेत.

ध्रुवावर गेलेल्यांनाही छपाईचे वेड होते. शॅकल्टन १९०८ साली दक्षिणेला निघाला तो टपालाचा अधिकार घेऊनच. न्यूझीलंडच्या एक पेनीच्या तिकिटांवर 'किंग एडवर्ड सातवा लँड' अशी अक्षरे छापून दिली होती. बर्फाने वाट अडवली, त्या भूमीवर त्याला उतरताच आले नाही, आणि रॉस बेटावर केप रॉइड्सला मुक्काम टाकावा लागला. पाय न लागलेल्या भूमीची तिकिटे घेऊन बसलेला पोस्टमास्तर! पण त्याच झोपडीत, हिवाळ्याच्या अंधारात, त्याच्या माणसांनी एक पुस्तक छापले, 'ऑरोरा ऑस्ट्रॅलिस'. शाई गोठू नये म्हणून खाली दिवा ठेवायचा. जॉर्ज मार्स्टनने ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर चित्रे काढून छापली. बांधणीला सामानाच्या खोक्यांच्या फळ्या वापरल्या, म्हणून काही प्रतींच्या पुठ्ठ्याच्या आत 'बटर' असे शिक्के अजून वाचता येतात. जगण्याचीच पंचाईत असलेल्या जागी या माणसांनी सुबक छपाईची हौस केली, आणि आम्ही पंख्याखाली बसून विचारतो, "कशाला एवढा खटाटोप?"

आता जो आक्षेप शेजाऱ्यांनी घेतला नाही, पण घ्यायला हवा होता, तो मीच घेतो. ध्रुवाकडची तिकिटे ही पुष्कळदा निशाणे असतात. ब्रिटनने १९४४ मध्ये ग्रॅहम लँड वगैरे चार मुलखांची तिकिटे काढली, त्या आधी तिथे लष्करी मोहीम पाठवून पोस्टे उघडली. १९४७ साली अर्जेंटिना आणि चिली यांनी आपापले अंटार्क्टिकाचे नकाशे तिकिटांवर छापले. एकच बर्फ तिघांच्या तिकिटांवर तिघांचा! निशाण वाऱ्याने फाटते, तिकीट जगभर फिरते, हे सगळ्यांना कळत होते. भारताने १९५६ साली अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याची खटपट केली ती यासाठीच. पुढे १९५९ चा करार झाला, हक्कांचे दावे गोठवले गेले, आणि १९८३ साली आपणही त्या करारात सामील झालो. तेव्हा या फ्रेंच तिकिटांवर लिहिलेले मुलखाचे नाव मी डोळे मिटून मानावे असे कोणी म्हणत असेल तर मी मानणार नाही. नाव त्यांचे त्यांच्यापाशी. मी कारागिराच्या हाताचे बोलतो आहे. त्या तिकिटांच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत चित्रकाराचे आणि कोरणाऱ्याचे नाव असते. आमच्या तिकिटांवर असे नाव शोधून दाखवा! माहितीपत्रकाच्या एखाद्या कोपऱ्यात असते, ते कोण वाचतो?

आणि इथे माझ्या रागाचे खरे ठिकाण येते. ते शेजारी नव्हेत. ते आपण सगळे.

भाऊबीजेला ओवाळणीत शंभराची नोट मिळाली असेल तर ती हातात घ्या. डोळे मिटा. गांधीजींच्या चेहऱ्यावरून हळूच अंगठा फिरवा. खरखर लागते ना? ती कोरीव छपाई. नाशिकला नोटांचा कारखाना आहे, तिथे ही छपाई होते. आणि त्याच गावात १९२५ पासून पोस्टाची तिकिटे छापणारा कारखाना आहे. १९५२ साली त्याने संत-कवींची मालिका फोटोग्रॅव्हूरने छापली, त्या काळी ती मोठी मजल होती, आणि मी तिचे कौतुकच करतो. पण तेव्हापासून आमच्या तिकिटांनी छायाचित्राची आणि ठिपक्यांची जी सवय लावून घेतली ती घेतली. यंत्र आहे, पोलाद आहे, शाई आहे, गाव एकच आहे. आणि तिकिटावरून बोट फिरवावे तर गुळगुळीत. खोट्या नोटा करणाऱ्याच्या धाकाने आम्ही कोरतो, कौतुकाने कोरत नाही. पेनी ब्लॅकसुद्धा नकलांच्या भीतीपोटीच कोरले गेले, हे मला मान्य आहे. पण भीती सरल्यावरही कोरणी ठेवून दिली नाही अशी राष्ट्रे आहेत. पोलंडचा चेस्वाव्ह स्वान्या युद्धकाळात भूमिगतांसाठी खोटे कागद करीत होता. १९५६ साली स्वीडनला गेला, आणि २००० साली त्याने आपले हजारावे तिकीट कोरले. ग्रीनलंडची कितीतरी तिकिटे त्याच्या हातची. स्वीडनने त्याला राजदरबारचा कोरणारा केले.

आम्हाला कोरण्याची परंपरा नाही म्हणावे तर ताम्रपट कोणी कोरले? नाना फडणिसांच्या अमदानीत पुण्याच्या तांबटाने तांब्यावर उलटी अक्षरे कोरायला शिकून घेतले, आणि १८०५ साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. फार लांब कशाला, स्वयंपाकघरातला डबा उलटा करून पाहा. 'चि. सौ. कां.'पासून सालापर्यंत सगळे कोणी तरी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून कोरलेले आहे. माझ्या आजीच्या पितळी तांब्यावरचे नाव सत्तर वर्षांच्या चिंचेने आणि राखेनेही पुसले गेलेले नाही.

बरे, ध्रुवाशी तरी आमचे काय नाते, असे म्हणाल तर ते अगदी घरचे आहे. पहिली भारतीय मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली ती गोव्याच्या मुरगाव बंदरातून, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी एकवीस माणसे अंटार्क्टिकावर पोचली. दक्षिण गंगोत्रीला १९८४ साली आपले पोस्ट उघडले, ते गोवा विभागाच्या अखत्यारीत. ते ठाणे बर्फात गेले, मग मैत्रीला पोस्ट आले, आणि ५ एप्रिल २०२४ रोजी भारती या ठाण्यावर तिसरे. त्याचा पिन कोड 'एमएच-१७१८'. म्हणजे टपालखात्याच्या हिशेबी अंटार्क्टिका आमच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये येते, कोल्हापूर-सांगलीसारखी! तुमचे पत्र गोव्याला पाठवले तर तिथून जाणारा शास्त्रज्ञ ते बरोबर नेतो, बर्फावर शिक्का मारतो आणि परत आणतो.

या मोहिमेवर १९८३ साली आपण तिकीट काढले, १९९१ साली कराराच्या तिशीनिमित्तही काढली. आता ९ जानेवारी २०३२ रोजी पहिल्या मोहिमेला पन्नास वर्षे होतील. माझी मागणी एवढीच आहे की त्या दिवशी निघणारे तिकीट नाशिकला पोलादात कोरलेले असावे, आणि त्याच्या तळाशी कोरणाऱ्याचे नाव असावे. संगणकाची मदत घेतली तरी माझी ना नाही; पण रेघ बोटाला लागली पाहिजे. हात तयार व्हायला वर्षे लागतात, म्हणून हे मी आजच लिहितो आहे. २०३१ च्या दिवाळीत जाग येऊन उपयोग नाही.

"पत्रे लिहितो कोण आता?" हा शेजाऱ्यांचा शेवटचा बाण होता. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले तेव्हा हेच शेजारी आपल्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढून हळहळत बसले होते, हे मी त्यांच्या सौभाग्यवतींच्या परवानगीने इथे नमूद करतो.

यंदा पुतण्याने भारती ठाण्याचा शिक्का मिळावा म्हणून एक पाकीट तयार केले आहे. पत्ता सुवाच्य अक्षरांत घातला आहे. तिकीट मात्र अजून लावलेले नाही. टेबलावर आपल्याकडची सात-आठ तिकिटे मांडून तो काल रात्री बराच वेळ भिंग घेऊन बसला होता. "काका," तो म्हणाला, "यातले कुठले पाठवू?"