तार शेवटच्या घरापर्यंत नेण्याची जबाबदारी कुणाची?

2025 साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. 21 मे रोजी, पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडलं आणि 26 मेपासून पुन्हा सुरू झालं. आमच्या किन्हीराजात मात्र उलटंच झालं. संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा मोहल्ल्यातलं नेट बंद होतं. तार तुटलेली. ऑपरेटरला फोन लावला तर उत्तर आलं, "सर, पोरगा दुसऱ्या गावाला गेलाय, आला की पाठवतो." मोबाइलवर पान उघडायचं, पण कागदपत्रं चढेनात. शेवटी आमची एक विद्यार्थिनी अब्बांसोबत मोटारसायकलवर मालेगावला गेली. अब्बांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. फॉर्म भरला गेला, अल्हम्दुलिल्लाह. पण एक प्रश्न मागे राहिला. आम्ही दर महिन्याला पैसे भरतो, मग ती तार चालू ठेवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची?

केबल आणि ब्रॉडबँडवर सरकारचं नियंत्रण असावं की नसावं, हा वाद शहरातल्या बड्या कंपन्यांचा आहे, असं आपण समजतो. तसं नाही. हा वाद आपल्या दारातला आहे.

पोस्टातली नोंदणी

आपल्याकडे केबल आली 1990 नंतर, कायदा आला 1995 मध्ये. त्या कायद्यानुसार केबलवाल्याने मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायची आणि धंदा सुरू करायचा. जानेवारी 2025 पासून ही नोंदणी ऑनलाइन झाली, पाच हजार रुपये शुल्क आणि पाच वर्षांची मुदत. पण नोंदणी करताना "या गावातल्या प्रत्येक वस्तीत मी सेवा देईन" असं वचन त्याच्याकडून कुणी घेत नाही. जिथं घरं दाट आणि पैसा वेळेवर, तिथं तार लवकर जाते. टोकाच्या वस्तीला वाट पाहावी लागते.

सरकारने लक्ष घातलं ते दरात. फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. शंभर चॅनेलसाठी जास्तीत जास्त 130 रुपये, जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, आणि पैसे लागणारे चॅनेल वेगळे निवडायचे. पुढे 2020 मध्ये त्याच 130 रुपयांत दोनशे चॅनेल आले. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. म्हणजे दर ठरवण्याची मोकळीक पुन्हा कंपन्यांकडे गेली. ब्रॉडबँडच्या महिन्याच्या भाड्यावर तर अशी मर्यादा नव्हतीच.

अमेरिकेतला करार

अमेरिकेत केबल कंपनीला शहराकडून परवाना-करार घ्यावा लागतो. 1984 च्या कायद्याने त्याला चौकट दिली. विचार साधा आहे: रस्ता लोकांचा आहे, त्यावरून तार नेऊन तुम्ही कमावता, तर लोकांना काहीतरी परत द्या. शहर कंपनीच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ शकतं, शाळा आणि स्थानिक लोकांसाठी चॅनेल मागू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एखाद्या वस्तीचं उत्पन्न कमी आहे म्हणून तिथल्या लोकांना केबल नाकारली जाणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्या कायद्याने परवाना देणाऱ्यावर टाकली आहे. तिथंही सगळं आलबेल नाही. केबलमधून येणाऱ्या इंटरनेटला हे नियम लावायचे की नाही, यावर वीस वर्षांहून जास्त काळ वाद झाले. पण गरीब वस्तीचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. आपल्याकडे नेमकी तीच ओळ नाही.

पैसा नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. इंटरनेट आणि टेलिफोन कंपन्या आपल्या महसुलातून जे परवाना शुल्क भरतात, त्यातले पाच टक्के गावोगावी सेवा पोहोचवण्यासाठी म्हणूनच घेतले जातात. हा निधी 2002 पासून आहे, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. अखेर हा पैसा ग्राहकाच्याच बिलातून येतो, म्हणजे तुमच्या-आमच्या. त्यातूनच भारतनेटची फायबर ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचं काम चालतं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने या योजनेला 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपये मंजूर केले. पण पंचायतीचं ऑफिस आणि मोहल्ल्यातलं शेवटचं घर, यांच्यामधलं अंतर कोण भरणार? आपला वाशीम नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. म्हणून हा सवाल इथं जास्त टोचतो.

भीतीही खरी आहे

काही लोक म्हणतील, सरकारच्या हातात आणखी लगाम कशाला देता? त्यांची शंका आम्ही उडवून लावत नाही. दंगलीची अफवा उठली की नेट बंद होतं, आणि त्याचा फटका आधी रोजंदारीवाल्याला आणि विद्यार्थ्याला बसतो. 10 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि बंदीचे आदेश जाहीर करावे लागतात. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन या कॉलेजच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काशी जोडला. हॉस्टेलमध्ये ठरावीक वेळेत मोबाइल जमा करण्याला तिने विरोध केला होता.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. तारेतून काय जावं यावर सरकारचा हात जितका आखडता तितका बरा. पण तार कुठवर जावी, तुटली तर किती दिवसांत जोडावी, बिल पक्कं मिळावं की नाही, यावर सरकारने ठामपणे बोललंच पाहिजे. आज आपल्याला बऱ्याचदा उलटं दिसतं: बंद करायला सरकार तत्पर, जोडून द्यायला कुणी नाही.

आपण काय करायचं?

पहिलं, पैसे दिले की पावती मागा. पावती नसेल तर आपण ग्राहक आहोत हेच सिद्ध होत नाही. दुसरं, नेट बंद पडलं की फक्त ऑपरेटरच्या मोबाइलवर ओरडून थांबू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिसरं, ग्रामसभेत विषय मांडा: पंचायतीपर्यंत आलेली फायबर चालू आहे का? शाळेत, अंगणवाडीत जोडणी आहे का? कोणत्या वस्त्या राहिल्या? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामसभेला जायचं काम फक्त पुरुषांचं नाही. फॉर्मसाठी ताटकळणाऱ्या मुलींच्या अम्मींनीही तिथं बोललं पाहिजे.

शिष्यवृत्ती ऑनलाइन, प्रवेश ऑनलाइन, आणि जून 2025 पासून वक्फच्या मस्जिद-कब्रस्तानांची नोंदही उम्मीद पोर्टलवर. सरकारने प्रत्येक कामाला तारीख दिली. त्या तारखेआधी आमच्या गल्लीतली तार जोडून देण्याची तारीखही सरकारने द्यावी, एवढंच आमचं मागणं आहे.