सणाची कोंबडी आणि खुराड्याचे अर्थशास्त्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर येते. श्रावण पाळलेल्या घरांत महिनाभराने मांसाहाराची चूल पेटते. बैलाचा सण काल झाला, आज राबणाऱ्या माणसाच्या ताटात काही पडावे, एवढाच त्या दिवसाचा साधा न्याय आहे. जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी व भोवतालच्या खेड्यांतूनही या रश्श्यासाठी कोंबडा गावरान असावा, गावात वाढलेला असावा, डोळ्यांदेखत घेतलेला असावा, अशीच सर्वांची इच्छा असते. ही इच्छा रास्त आहे. प्रश्न एवढाच की, ती कोणाची पुरी होते?

ज्या मजूर बाईने तो कोंबडा अंगणात सहा-सात महिने वाढवला, तिच्या घरी करीला बहुधा दुकानातून आणलेली किलोभर ब्रॉयलर शिजते. तिचा कोंबडा केव्हाच व्यापाऱ्याच्या डालग्यातून हमरस्त्यावरच्या हॉटेलात गेलेला असतो, आणि त्या हॉटेलाच्या पाटीवर 'गावरान' हा शब्द ठळक अक्षरांत रंगवलेला असतो. पिकवणाऱ्याने निकृष्ट खावे व उत्कृष्ट विकावे हा ग्रामीण दारिद्र्याचा जुनाच नियम कोंबडीलाही लागू झाला आहे. म्हणून सणाची कोंबडी हा चवीचा विषय समजून सोडून देता येत नाही. तो मालकीचा आणि भावाचा विषय आहे.

खुराड्याचे अर्थशास्त्र समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाची उकल होणार नाही. भूमिहीन वा अल्पभूधारक घरात पाच-दहा कोंबड्या असतात. त्या दिवसभर उकिरड्यावर, खळ्यावर, गोठ्यात सांडलेले दाणे आणि किडे टिपतात. विकतचे खाद्य जवळजवळ नसते. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. त्यांतली काही घार नेते, काही मुंगूस नेते, आणि मानमोडीची साथ आली तर एका आठवड्यात सारे खुराडे रिकामे होते. या व्यवसायाला पतपुरवठा नाही आणि साठवणुकीची सोय नाही. परंतु एक गोष्ट त्यात अशी आहे की जी शेतीत नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचितच असते. खुराडे मात्र तिचे असते. मीठमिरची, मुलांच्या वह्या, आजारपणातली पहिली गोळी यांचा पैसा तेथून येतो आणि त्यासाठी तिला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही.

आता बाजाराकडे पाहावे. पैशाची निकड जून महिन्यात येते, कारण पेरणी आणि शाळा एकाच वेळी उघडतात. मागणीचा जोर मात्र आखाडात आणि पुढे करीला असतो. त्या वेळी सोयाबीन शेतात उभे असते व घरात रोकड नसते. व्यापारी हे गणित पुरते ओळखून असतो. निकडीच्या वेळी तो दारात येतो, कोंबडा हातात उचलून अंदाजाने तोलतो आणि नगावर भाव सांगतो. हाच कोंबडा पुढे वजनावर विकला जातो आणि त्यानंतर ताटावर. घेताना नग आणि विकताना किलो, या दोन मापांमधील अंतरात दलालाचा सारा नफा दडलेला आहे. गावरान कोंबडी ब्रॉयलरच्या दुपटी-तिपटीने विकली जाते हे खरे. पण त्या महागाईतला किती वाटा खुराड्यापर्यंत पोहोचतो, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

शहरी सुशिक्षितांत अलीकडे एक मत रूढ होत आहे की, ग्राहकाने स्थानिक, ताजे, नैसर्गिक असे पाहून विकत घेतले की खेडे आपोआप वाचेल. या मताचा भोळेपणा अमेरिकेच्या उदाहरणावरून ध्यानात यावा. तेथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा सण असतो व त्या दिवशी टर्की नावाचा मोठा पक्षी घरोघर शिजतो. पूर्वी तो शेताशेतांवर वाढत असे. पुढे मोठ्या कंपन्यांनी छातीचे मांस वाढवत वाढवत त्याची अशी जात तयार केली की, नर-मादीचा नैसर्गिक समागमच अशक्य झाला. आज तेथील बहुतेक सर्व टर्की कृत्रिम रेतनातून जन्मतात. बेणे कंपनीचे, खाद्य कंपनीचे, कत्तलखाना कंपनीचा, आणि शेतकरी करारावरचा सांभाळणारा. आता त्याच देशात मोकळ्यावर वाढलेली ताजी, जवळच्या शेतावरची टर्की मिळवण्यासाठी सुखवस्तू कुटुंबे आगाऊ मागणी नोंदवून चढा भाव मोजतात. जे एके काळी सर्वसामान्यांचे होते ते आधी मोडले गेले, आणि मग चैनीची वस्तू म्हणून निवडकांना विकले जाऊ लागले. ग्राहकाच्या सदिच्छेने त्या देशातला लहान उत्पादक परत आला नाही. टेंभुर्णीतही तो केवळ तेवढ्याने टिकणार नाही.

दुसऱ्या बाजूने प्रगतीचे पुरस्कर्ते विचारतात की, देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि संकरित कोंबडी तीनशेहून अधिक, मग हा मागासलेपणा जपायचा कशासाठी? ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत दोन किलोंची होते व तिने मजुराच्या ताटात स्वस्त मांस आणले, हे त्यांचे म्हणणे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण अंडी कोंबडीमागे मोजावयाची की विकतच्या खाद्यावर खर्चलेल्या रुपयामागे मोजावयाची, हे आधी ठरवावे लागेल. भांडवल ज्याच्यापाशी आहे त्याने पहिले माप वापरावे. ज्याच्यापाशी फक्त अंगण आहे त्याला दुसरेच माप लागू पडते. शिवाय परसातली कोंबडी मरणपंथाला लागली आहे हेही खरे नव्हे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातील पक्षी सुमारे ३१.७ कोटी भरले. २०१२ च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के होती. त्याच काळात व्यापारी कुक्कुटपालनातील पक्षी जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढले. सरकारी धोरणाने ज्याकडे पाठ फिरवली ते कोट्यवधी बायांनी आपल्या हिमतीवर वाढवले, असाच याचा अर्थ होतो.

ब्रॉयलरच्या स्वस्ताईचा हिशेबही पुरा मांडला पाहिजे. करार पद्धतीत पिल्लू, खाद्य व औषध कंपनी देते. शेड, वीज, पाणी आणि घरच्या माणसांचे श्रम शेतकरी देतो. त्याला किलोमागे संगोपनाचा ठराविक मोबदला मिळतो आणि पक्ष्यावर त्याची मालकी नसते. स्वतःच्या जागेत, स्वतःच्या कर्जावर तो दुसऱ्याचा मजूर होतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली आणि भाव कोसळले. तेव्हा स्वतंत्र उत्पादकांचे भांडवल बुडाले, करारावरच्यांची शेडे रिकामी पडली, कर्जावरचे व्याज मात्र चालूच राहिले.

याहून बोलके उदाहरण खाद्याचे आहे. ब्रॉयलरचे खाद्य मुख्यतः मका व सोयाबीनची पेंड यांचे असते आणि ही दोन्ही पिके जालना जिल्ह्यातला शेतकरी घेतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. शेतकऱ्याला चार पैसे मिळण्याची चिन्हे दिसताच कुक्कुट उद्योगाने ओरड केली आणि केंद्र सरकारने जनुकसंस्कारित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव घसरून गेला होता. म्हणजे टेंभुर्णीच्या शिवारातून दाणा स्वस्तात बाहेर जातो, कोंबडी होऊन टेंभुर्णीच्याच दुकानात परत येतो, आणि मधल्या साऱ्या प्रवासाचा नफा भलत्याच ठिकाणी जमा होतो. याला स्वस्ताई म्हणावयाचे असेल तर ती कोणाच्या खिशातून दिली गेली हेही सांगितले पाहिजे.

साथीच्या बाबतीतही न्याय असाच एकतर्फी आहे. २००६ साली नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करण्यात आले. रोगाचा प्रसार रोखण्यासाठी ते आवश्यकच होते. परंतु अशा वेळी अंगणातले बेणेही जाते, भरपाई ठराविक दराने मिळते, आणि खुराडे पुन्हा उभे करण्यास लागणारे वर्ष त्या दरात कोठेच धरलेले नसते. गावरानाची हौस वाढली की दुसरा धोका उपटतो. कडकनाथच्या नावाने दामदुपटीची आमिषे दाखवून शेतकऱ्यांना लुबाडल्याचा इस्लामपूरचा प्रकार २०१९ साली उघडकीस आला, तो विसरता कामा नये. एकट्यादुकट्या उत्पादकाला बाजार नेहमी असाच भेटतो: कधी दलाल होऊन, कधी ठक होऊन.

यावर उपाय संघटनेचा आहे आणि त्याचा दाखला कोंबडीच्याच धंद्यात आहे. १९८२ साली अंडी उत्पादक एकत्र आले, त्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली आणि व्यापाऱ्याने लादलेल्या भावाऐवजी स्वतः भाव जाहीर करण्यास प्रारंभ केला. ते बडे उत्पादक होते, त्यांच्यापाशी साधने होती, हे मान्य. पण जे शेडवाल्यास साधले ते खुराडेवालीस साधणारच नाही असा सृष्टिनियम नाही. गावोगाव महिलांचे बचत गट आहेत. त्यांनी आखाडापूर्वी व करीपूर्वी एकत्र बसून किलोचा भाव ठरवावा, तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, आठवडी बाजारात स्वतःचा काटा ठेवावा आणि नगावर विक्री बंद करावी. जूनच्या निकडीसाठी गटाने कोंबड्यांच्या तारणावर लहानशी उचल दिली, तर सणापूर्वीच खुराडे रिकामे करण्याची पाळी येणार नाही. पहिल्या वर्षी व्यापारी पाठ फिरवील; सणाची मागणी मात्र पाठ फिरवू शकत नाही.

शासनाकडे मागणीही नेमकी असावी. मानमोडीची लस महाग नाही. पण ती शंभर वा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत येते, थंड ठेवावी लागते आणि कुपी उघडल्यावर लगेच वापरून संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या बाईने ती विकत घ्यावी हे शक्य नाही. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्याने गावासाठी लसीचा दिवस ठरवून द्यावा आणि त्या दिवशी सर्व खुराड्यांना एकदम लस द्यावी. लाभार्थ्यांना पिल्लांचे वाटप करून छायाचित्रे काढण्यापेक्षा असलेली पिल्ले जगवणे अधिक स्वस्त व अधिक उपयुक्त आहे. साथीत नष्ट केलेल्या परसातील पक्ष्यांची भरपाई बाजारभावाने मिळावी, आणि मका-सोयाबीनची हमीभावाने खरेदी हंगामाच्या आरंभीच सुरू व्हावी.

कार्यकर्त्यांसाठी तर काम दारातच आहे. सभा-शिबिरांची जेवणे होतात, लग्नकार्ये होतात, आखाड आणि कर दर वर्षी येतात. या प्रत्येक प्रसंगी कोंबडी गटाकडून, काट्यावर तोलून, जाहीर भावाने घ्यावी व घासाघीस करू नये. यातून क्रांती होणार नाही, हे उघड आहे. पण ज्या बाईचा भाव आजवर दुसऱ्यानेच सांगितला, ती तो स्वतः सांगू लागेल. पुढल्या करीला तिने आपल्या खुराड्यातला एक कोंबडा विक्रीतून वगळून घरच्या चुलीसाठी ठेवला, तर चळवळीला टेंभुर्णीत काही साधले असे म्हणता येईल.