मागणाऱ्याने किती हिंडावे ?

विभागणी आपल्या भागाला नवी नाही. राजुरा तालुका १९५६ साली हैद्राबाद राज्यातून नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नकाशावर रेघ ओढली की काम संपले, असे आपणांस वाटते. पण रेघेबरोबर कागदपत्रांचीही वाटणी होते, आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

संगणकाच्या जगातही हाच प्रश्न आहे. नोंदी एका यंत्राला पेलेनाशा झाल्या म्हणजे त्या अनेक सर्व्हरांवर वाटून ठेवतात. याला 'शार्डिंग' म्हणतात. यात सारे काही वाटणीच्या निकषावर अवलंबून असते. समजा, आपल्या महाविद्यालयाच्या नोंदी आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे कपाटांत लावल्या. मडावी, मेश्राम, मोहुर्ले यांनी 'म'चे कपाट ओसंडून वाहील आणि 'थ'चे जवळजवळ रिकामे राहील. बरे, प्रवेश क्रमांकाला कपाटांच्या संख्येने भागून बाकीप्रमाणे लावल्या, तर वाटणी सारखी होते. पण ४ कपाटांची ५ झाली की दर २० नोंदींपैकी १६ नोंदींची जागा बदलते! १९९७ साली 'कन्सिस्टंट हॅशिंग' नावाची रीत मांडली गेली. तिच्यात अशा वेळी सुमारे पाचव्या हिश्शाच्याच नोंदी हलवाव्या लागतात.

हलविण्यालाही शिस्त आहे. आधी नव्या जागी नक्कल करायची, दरम्यानचे फेरबदल तिच्यात उतरवायचे, मग सूची बदलायची आणि शेवटी जुनी प्रत काढायची. मागणाऱ्याला यातले काहीच ठाऊक असावे लागत नाही. तो एका दाराशी विचारतो. सूची पाहून नोंद त्याच्यापर्यंत आणणे हे आतल्या यंत्रणेचे काम.

आणि आपल्याकडे ? अनुसूचित जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या पुराव्याला मोठे मोल असते. त्या काळी गडचिरोली जिल्हाच नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्यासाठी पणजोबांची नोंद शोधताना बाबांची चार दिवसांची मजुरी बुडाली. एका कार्यालयाने 'जुने कागद तिकडे आहेत' म्हणून धाडले. दुसऱ्याने 'ते केव्हाच गेले' म्हणून परत पाठविले. कागद कोठे आहे याची सूची कोणाजवळच नव्हती; ती बाबांच्या पायांनी तयार व्हायची होती !

कोणी म्हणेल, आता सातबारासुद्धा संगणकावर मिळतो, मग तक्रार कसली ? पण जुने कागद नुसते यंत्रात भरल्याने भागत नाही. जुन्या आणि नव्या जिल्ह्याची सामाईक सूची नसेल, तर दोन कुलूपबंद कपाटांऐवजी दोन कुलूपबंद यंत्रे होतील, इतकेच.

निकषाचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२ होती. डोकी मोजली तर गडचिरोलीचा भार निम्मा. परंतु क्षेत्रफळ पाहावे, तर चंद्रपूर ११,४४३ चौरस किलोमीटर आणि गडचिरोली १४,४१२. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायला सुमारे २०० किलोमीटर जंगलरस्ता तुडवावा लागतो. यंत्राला डोक्यांची संख्या पुरते. माणसाच्या बाबतीत अंतरही मोजले पाहिजे.

म्हणूनच अहेरी जिल्ह्याची जुनी मागणी मला रास्त वाटते. मात्र यावेळी रेघेआधी सूची व्हावी. कोणत्या गावाचा कोणता कागद कोठे आहे हे लिहून ठेवावे, नक्कल पडताळून पाहिल्याशिवाय मूळ कागद हलवू नये, आणि अर्ज कोणत्याही तहसिलीत दिला तरी तो योग्य जागी पोचविणे हे कार्यालयाचे कर्तव्य ठरावे. जिल्हे दोन असोत वा तीन, अर्ज हिंडावा. अर्जदाराने हिंडू नये.