पडदा काचेच्या आत की बाहेर?

माझ्या भाचीने पुण्यात नवा फ्लॅट घेतला. चौथा मजला, हॉलला दहा फूट उंच आणि आठ फूट रुंद काच, तोंड पश्चिमेला, बाहेर दोन-अडीच फुटांची गॅलरी. पडद्याच्या दुकानातून तिचा फोन आला. "मामा, मरून घेऊ की मोरपंखी? सासूबाई मरून म्हणतायत." मी विचारले, "दुपारी हॉलमध्ये कोण बसतं?" ती म्हणाली, "सासूबाईच. आम्ही दोघं ऑफिसला."

सासूबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या. त्यामुळे माझ्या दृष्टीने रंगाचा प्रश्न मागे पडला आणि उन्हाचा पुढे आला.

थोडा हिशोब करून पाहू. ही खिडकी ऐंशी चौरस फुटांची, म्हणजे साडेसात चौरस मीटरच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर प्रत्येक चौरस मीटरला ५०० वॉट ऊन पडते असे धरले, आणि साध्या काचेतून त्यातली ८० टक्के उष्णता आत येते असे धरले, तर आकडा तीन किलोवॉटवर जातो. एक टनाचा एसी पूर्ण जोरात चालून साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे ती खिडकी दुपारभर जवळजवळ एक एसी खाऊन टाकते. एसी नसेल, तर ती सगळी उष्णता खोलीतल्या माणसाच्या वाट्याला येते.

आता जाड मरून पडदा लावला तर काय होईल? खोलीत अंधार होईल आणि गार वाटल्याचा भास होईल. पण ऊन काच ओलांडून आत आलेले असते. गडद कापड ते शोषून घेते आणि स्वतः तापते. तापलेल्या कापडातून निघणारी उष्णता अवरक्त किरणांची असते आणि ते किरण काचेतून सहज बाहेर जात नाहीत. उन्हात उभी केलेली मोटार भट्टीसारखी तापते, त्यामागे हेच विज्ञान आहे. उंच खिडकीत आणखी एक गंमत होते. काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापून वर चढते, वरच्या फटीतून खोलीत येते आणि खालून दुसरी हवा आत ओढली जाते. धुराड्यासारखे हे चक्र संध्याकाळपर्यंत चालू राहते.

म्हणून माझे मत सरळ आहे. पश्चिमेच्या उंच खिडकीसाठी पहिला पैसा काचेच्या बाहेर खर्च करावा आणि उरलेला आतल्या पडद्यावर. बाहेर अडवलेले ऊन घरात शिरतच नाही. बांबूच्या चिकाचा पडदा आपल्याकडे नवा नाही. वाऱ्याला वाट देत ऊन अडवण्याचे काम तो पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. विदर्भात त्याच्याच जोडीला वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत, कारण तिथली हवा कोरडी. दमट कोकणात पाणी मारून फारसा गारवा मिळत नाही, पण सावली मात्र सगळीकडे उपयोगी पडते.

"वर सज्जा आहे ना," असे काही जण म्हणतील. मे महिन्याच्या मध्याला पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या वेळी सज्जा काम करतो. पण चारनंतर पश्चिमेचा सूर्य खाली येतो आणि ऊन सज्जाखालून थेट हॉलमध्ये घुसते. तिथे उभा आडोसाच हवा.

भाचीने गॅलरीत चिक लावायचे ठरवले, तर सोसायटीने नाही म्हटले. कारण? इमारतीचा दर्शनी भाग एकसारखा दिसला पाहिजे. उंचावर वाऱ्याने काही सुटून खाली पडू नये, ही काळजी मला मान्य आहे. त्यासाठी चिक गॅलरीच्या आतच, वर आणि खाली पक्के बांधावे, कसे बांधायचे ते सोसायटीने ठरवून द्यावे, सगळ्यांनी एकाच रंगाचे घ्यावे. दर्शनी भाग एकसारखाच दिसेल. पण दिसण्यासाठी सावलीवर बंदी घालणे मला पटत नाही. वय वाढले की तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी शरीरातले पाणी आणखी कमी होते. उष्माघात काही फक्त रस्त्यावर होत नाही, तो बंद घरातही होतो. खरे तर पश्चिमेला एवढी काच देणाऱ्या बिल्डरनेच बाहेरच्या सावलीची सोय करून द्यायला हवी.

मग आतल्या पडद्याचे काय? तो हवाच, खासगीपणासाठी, रात्रीसाठी आणि डोळ्यांवर येणाऱ्या तिरिपेसाठी. काचेकडची बाजू पांढरी असावी, म्हणजे थोडे ऊन तरी परतवले जाईल. दोन थर घ्यावेत, एक विरळ आणि एक घट्ट विणीचा. सकाळी दोन्ही सारावेत. डोळ्यांत शिरणारा सकाळचा प्रकाश शरीराच्या घड्याळाला वेळ दाखवतो आणि त्याचा रात्रीच्या झोपेला फायदा होतो. मात्र बंद काचेआड बसून ड जीवनसत्त्व मिळेल, अशी आशा धरू नये. त्यासाठी लागणारे किरण साधी काच जवळजवळ सगळे अडवते.

दहा फुटी पडदा घेताना दुकानदाराला वजन विचारावे आणि स्वतःला एक प्रश्न विचारावा, हा काढून धुणार कोण? जो पडदा शिडीशिवाय निघत नाही, तो दिवाळी ते दिवाळी तसाच लटकतो. त्यात धूळ साठते आणि दमट हवेत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. घरात दमेकरी असेल तर हा प्रश्न लहान नाही. हलके सुती कापड घ्यावे, पन्ना लहान ठेवावा, म्हणजे एकेक भाग वेगळा निघेल. साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुतले की ते किडे मरतात. स्टुलावर स्टूल ठेवून कोणीही चढू नये, वयस्कर माणसांनी तर नाहीच.

आणि घरात लहान मूल असेल, तर लोंबत्या दोरीचे ब्लाइंड नकोतच. त्या दोरीचा फास मुलाच्या गळ्याभोवती आवाज न होता बसतो. अमेरिकेत २०१८ पासून तयार विकल्या जाणाऱ्या ब्लाइंडना मुलांच्या हाती लागेल अशी दोरी नसावी, असे मानक आहे. आपण दुकानात निदान विचारू तरी शकतो.

भाचीने शेवटी मोतिया रंगाचे सुती पडदे घेतले. चिकासाठी सोसायटीच्या पुढच्या सभेत अर्ज दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत दुपारी तीन ते सात सासूबाईंची खुर्ची पूर्वेच्या खोलीत असते. मरून रंग त्यांना उशीच्या अभ्र्यांत मिळाला.