एकच जन्मतारीख बारा कागदांवर बारा वेळा का टंकायची?

विषय : सेवानिवृत्ती प्रकरणांतील कागदपत्रांसाठी सामाईक टेम्प्लेट-संच देण्याबाबत

मा. सचिव महोदय,

विषय आपल्याला नवा नाही. तालुका कार्यालयातून, जिल्हा कार्यालयामार्फत, योग्य मार्गाने हीच मागणी वारंवार आपल्यापर्यंत आली आहे. उत्तर आले ते एका ओळीचे : ‘विहित नमुन्यात बदल करता येणार नाही.’ नमुन्यात बदल कोणी मागितलाच नव्हता. ज्याने ते उत्तर लिहिले त्याने अर्ज वाचला नव्हता, आणि ज्याने सही केली त्यानेही नाही. सेवेत होते तोवर वर्तणूक नियमांमुळे उघडपणे लिहिता येत नव्हते. आता मी निवृत्त आहे. आयुष्यभर आस्थापना शाखेत बसून जे पाहिले ते आज सर्वांसमोर मांडते आहे.

पगाराची माहिती सेवार्थ या वेतनप्रणालीत असते आणि निवृत्तिवेतनाचे काही नमुने प्रणालीतून निघतात, हे मला ठाऊक आहे. ते सांगून हा विषय बंद करू नका. प्रश्न त्यापलीकडच्या कागदांचा आहे, जे आजही प्रत्येक कार्यालयात हाताने टंकले जातात. सेवानिवृत्तीचा आदेश, कार्यमुक्तीचा आदेश, ना-देय प्रमाणपत्र, ना-चौकशी प्रमाणपत्र, शासकीय निवासस्थानाबाबतचे प्रमाणपत्र, सेवा पडताळणीचे प्रमाणपत्र, अतिप्रदान वसुलीचे हमीपत्र, रजा रोखीकरणाचा प्रस्ताव, गटविमा योजनेचा अर्ज, भविष्य निर्वाह निधीच्या अंतिम प्रदानाचा अर्ज, नमुना सह्या आणि ओळखचिन्हांचे पत्रक, आणि या सगळ्यांवरचे अग्रेषण पत्र. हे झाले बारा कागद. प्रत्येकावर नाव, पदनाम, कार्यालय, जन्मतारीख, नियुक्तीचा दिनांक आणि निवृत्तीचा दिनांक या सहा बाबी धरा. म्हणजे एका माणसासाठी ७२ नोंदी, आणि त्यांतल्या ६६ निव्वळ पुनरावृत्तीच्या.

आता हिशेब करू. शंभर नोंदींत एकच चूक करणारा टंकलेखक चांगला म्हणावा लागेल. पण अशा चांगल्या टंकलेखकाच्या हातूनही ७२ नोंदींच्या संचात कुठे ना कुठे एक तरी चूक राहण्याची शक्यता ५१ टक्के आहे. निम्म्याहून अधिक! त्याच टंकलेखकाला या सहा बाबी एकदाच टंकायला दिल्या तर ती शक्यता सहा टक्क्यांच्या आत येते. ही शाळेतल्या संभाव्यतेची आकडेमोड आहे, कुणीही कागदावर करून पाहावी. एखाद्या जिल्ह्यात एकाच दिवशी ३० जण निवृत्त होत असतील, तर २,१६० नोंदी टंकायच्या की १८०, एवढाच प्रश्न आहे. आणि तो दिवस ३१ मे असतो, हे आपल्यालाही माहीत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून जन्मतारीख लावलेली एक अख्खी पिढी आपल्या कार्यालयांत आहे.

त्या १ जूनमुळे काय होते तेही सांगते. नियम असा की गट ‘ड’चा कर्मचारी ६० व्या आणि बाकीचे ५८ व्या वर्षी, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात, मात्र जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. १ जून १९६६ चा जन्म असलेला लिपिक ३१ मे २०२४ ला घरी जातो, ३० जूनला नाही. नव्या लिपिकाला हे ठाऊक नसते. मग आदेशावर एक दिनांक, रजेच्या प्रस्तावावर दुसरा. एक्सेलला मात्र हे एकदा सांगितले की पुरे : जन्मतारखेतून एक दिवस वजा कर, ५८ (गट ‘ड’ असेल तर ६०) वर्षे मिळव, त्या महिन्याचा शेवटचा दिवस घे. एका सूत्रात मावणारी ही गोष्ट आपण दरवर्षी शेकडो माणसांच्या लक्षात राहण्यावर सोडली आहे.

रजा रोखीकरणाचे उदाहरण याहून वाईट आहे. शिल्लक अर्जित रजा ३०० दिवस. एका कागदावर ‘३००’, दुसऱ्यावर चुकून ‘२००’. मूळ वेतन ६०,४०० रुपये असेल तर शंभर दिवसांचे नुसत्या मूळ वेतनाचेच २,०१,३३३ रुपये होतात, महागाई भत्ता वेगळाच. दोन कागद जुळत नाहीत म्हटल्यावर प्रकरण आक्षेप लागून परत येते. ज्याची हयात शासनाच्या सेवेत गेली, तो माणूस कधी काळी स्वतः काम केलेल्या कार्यालयाच्या बाकावर पिशवी घेऊन बसतो आणि ज्याला त्याने काम शिकवले त्याच्यापुढे हात जोडतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या कार्यालयातले एक शिपाई निवृत्तीनंतर काही महिन्यांतच वारले. त्यांच्या पत्नीचे नाव गटविम्याच्या अर्जात एक आणि निधीच्या अर्जात दुसरे, फरक एका जोडाक्षराचा. त्या बाईंना एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करायला लावले. स्टँप पेपरचा, नोटरीचा, तालुक्याला येण्याजाण्याचा खर्च त्यांचा; चूक आमची. त्यांनी एका शब्दाने कुणाला दोष दिला नाही. मला अजून त्यांच्या नजरेला नजर देता येत नाही.

यावर आपल्या कार्यालयाचा खुलासा दर वेळी ठरलेला : लिपिकाने दक्षता घ्यावी. महोदय, लिपिक दक्षच असतो. एकच माहिती बारा ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहायला लावणारी पद्धत चुका घडवते, आणि ती पद्धत लिपिकाने ठरवलेली नाही, आपण ठरवली आहे. कारणे दाखवा नोटीस मात्र त्याला जाते.

मागणी आहे ती अगदी जुन्या सोयीची. वर्डस्टारच्या काळात, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मेल मर्ज आले होते. माहितीचा एक तक्ता करायचा, प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ. नमुन्यात नावाच्या जागी नावाचे फील्ड, तारखेच्या जागी तारखेचे. आज्ञा दिली की त्या ओळीवरून बाराही कागद भरून निघतात. वर्ड आणि एक्सेल कार्यालयांत आहेतच. नसतील तिथे लिबरऑफिस फुकट मिळते आणि तेही हे करते. नवी निविदा नको, नवे पोर्टल नको, सल्लागार नको. संगणक अर्हता वेळेत मिळवली नाही म्हणून आपण कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी रोखल्या, वसुल्या काढल्या. त्यांनी ती परीक्षा दिली. आता जे शिकले ते वापरू द्या.

यात खाचखळगे आहेत, आणि म्हणूनच हे काम प्रत्येक तालुक्याने आपापल्या परीने करून चालणार नाही. एक्सेलमधली तारीख वर्डमध्ये जाताना अमेरिकी पद्धतीने, महिना आधी आणि दिवस नंतर अशी उतरते. १ जून १९६६ चे ६/१/१९६६ होते आणि वाचणारा ते ६ जानेवारी वाचतो. फील्डला तारखेचा क्रम नेमून दिला की हे थांबते, पण ते माहीत असावे लागते. एक्सेल आकड्यांतले पहिले पंधरा अंकच जपते. सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टंकला तर शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीची शून्ये तर गळूनच जातात. म्हणून तो स्तंभ मजकूर म्हणूनच ठेवावा लागतो. आणि माहिती युनिकोडमध्येच हवी. जुन्या फॉन्टमधले नाव दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन बसते. ‘मराठीत विभक्तीमुळे जमणार नाही’ हा आक्षेप मला बैठकीत ऐकवला गेला. कार्यालयीन मराठीत आपण नावापुढे ‘यांना’, ‘यांचे’, ‘यांनी’ लिहितो, नाव जसेच्या तसे राहते. यापेक्षा सोयीची भाषा टेम्प्लेटला कुठली हवी?

तक्त्यातली एक चूक बाराही कागदांवर जाईल, ही शंका रास्त आहे. तिला उपाय आहे. तक्त्यातली ओळ छापायची, सेवापुस्तकाशी ताडायची, आणि कर्मचाऱ्याला वाचून त्यावर सही करायला सांगायची. आज बारा कागद कोण ताडतो? कुणीच नाही. एक पान मात्र माणूस मन लावून वाचतो, कारण त्यावर त्याचे उरलेले आयुष्य अवलंबून आहे.

आता सर्वांत संतापाची गोष्ट. आपल्याकडून नमुने येतात ते वाकड्या स्कॅनच्या पीडीएफमध्ये, पुष्कळदा व्हॉट्सॲपवरच्या फोटोत. त्यात टंकता येत नाही. मग प्रत्येक कार्यालय तो नमुनाच नव्याने टंकते. कुठे रकाना सुटतो, कुठे अनुक्रमांक बदलतो. आणि हाच नमुना वर गेला की आपलेच कार्यालय शेरा मारते : ‘विहित नमुन्यात नाही, सबब परत.’ विहित नमुना वापरता येईल अशा रूपात आपण कधी दिला? न देता तो न वापरल्याचा दोष खाली टाकणे हा अन्याय आहे, आणि तो जाणूनबुजून चालू ठेवला आहे असे माझे म्हणणे आहे. कारण हे आपल्याला अनेकदा कळवले गेले आहे.

मागणी थोडक्यात अशी. बाराही कागदांचे नमुने, एका अक्षराचाही बदल न करता, फील्ड घातलेल्या टेम्प्लेटच्या रूपात, वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत उघडतील असे द्या. सोबत माहितीचा एकच तक्ता द्या, स्तंभांची नावे सगळ्या जिल्ह्यांत सारखी ठेवा. निवृत्तीचा दिनांक त्यात सूत्राने निघू द्या. या संचातून निघालेला कागद ‘नमुन्यात नाही’ म्हणून परत करता येणार नाही, असे परिपत्रकात लिहा. आस्थापना शाखेतले दोन अनुभवी लिपिक आणि एक संगणक जाणणारा माणूस एकत्र बसवला तर हे काम आठवड्याभराचे आहे. बोलावलेत तर मीही येईन, मानधन नको.

पुढच्या ३१ मेला निवृत्त होणाऱ्यांची प्रकरणे सहा महिने आधी वर जायला हवीत. त्यांचे कागद टंकायला बसण्यापूर्वी हा संच तालुक्यांना पाठवा.

आपली,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक