जडेजा गेला, पण पर्स कोणाची भरली?

मंडळी, जडेजाच्या अदलाबदलीवरून आपल्या ग्रुपवर अजून भांडणं चालूच आहेत. एक गट म्हणतो, चेन्नईने घरचा माणूस विकला. दुसरा म्हणतो, पर्स मोकळी करायची होती, तिथे भावना कसल्या आणताय? भावनेचं राहू दे बाजूला. पर्सचंच बघू, कारण पर्सचं नाव सगळे घेतात आणि बेरीज-वजाबाकी कोणीच करत नाही.

नियम साधा आहे. यंदा प्रत्येक संघाला खेळाडूंवर १२५ कोटींपर्यंत खर्च करता येतो. ज्याला जेवढ्या रकमेला ठेवलं तेवढे त्यातून वजा, उरतील ते घेऊन लिलावात बसायचं. १५ नोव्हेंबर २०२५ ला जाहीर झालं की जडेजा आणि सॅम करन राजस्थानला, संजू सॅमसन चेन्नईला. चेन्नईच्या खात्यातून जडेजाचे १८ कोटी आणि करनचे २.४० कोटी उतरले, सॅमसनचे १८ चढले. निव्वळ सुटले २ कोटी ४० लाख, आणि ते करनचे! अठराच्या जागी अठरा आले. जडेजा गेल्याने चेन्नईच्या पर्समध्ये रुपयाही वाढला नाही.

मग लिलावात त्यांच्याकडे ४३.४० कोटी दिसत होते ते कुठून आले? पथिराना, कॉनवे, रचिन यांना सोडलं, अश्विन निवृत्त झाला, तिथून. जडेजाचा त्यात काही संबंध नाही.

फायदा झाला राजस्थानचा. जडेजा १८ वरून १४ कोटींवर यायला तयार झाला. तो १८ लाच गेला असता तर राजस्थानला २.४० कोटी पदरचे घालावे लागले असते. १४ ला घेतल्याने उलट १.६० कोटी वाचले. १६.०५ कोटी घेऊन ते लिलावात बसले आणि रवी बिश्नोईवर ७.२० कोटी लावले. त्यातले चार कोटी जडेजाने सोडलेले आहेत असं म्हणा हवं तर.

आता खरी गंमत. १६ डिसेंबरला अबू धाबीत चेन्नईने प्रशांत वीर नावाच्या वीस वर्षांच्या पोराला १४.२० कोटींना घेतलं. डावखुरा, फिरकी टाकतो, खाली येऊन मारतो. म्हणजे जडेजाचीच जागा. भारताकडून एकही सामना न खेळलेला पोरगा १४.२० ला आणि २०२३ च्या फायनलमध्ये शेवटच्या दोन बॉलवर सिक्स आणि फोर मारून कप आणून देणारा माणूस १४ ला. पोराबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगला खेळू दे. पण "पर्ससाठी विकला" हे कारण पुढे करू नका. ३६ चा माणूस देऊन ३१ चा विकेटकीपर घेतला, असं सरळ म्हणा. ते समजण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये याच्यापेक्षा वाईट प्रकार होतो. तिथे खेळाडूला सही करताना दिलेली मोठी रक्कम हिशोबात पुढच्या वर्षांवर वाटून टाकतात. खेळाडू दुसऱ्या संघाला दिला की ती उरलेली सगळी रक्कम जुन्या संघाच्या मर्यादेत येऊन पडते. २०२२ मध्ये अटलांटाने १४ हंगाम खेळलेल्या मॅट रायनला इंडियानापोलिसला दिलं. मर्यादा होती सुमारे २०.८ कोटी डॉलरची, त्यातले सुमारे ४ कोटी डॉलर आता संघातच नसलेल्या माणसाच्या नावावर अडकले. बैल विकला तरी पेंडीची उधारी आपल्याच माथी. आयपीएलमध्ये ही भानगड नाही, माणूस गेला की आकडाही गेला. म्हणूनच इथे लोकप्रिय माणसाला सोडणं सोपं झालंय.

आपल्या मुंबईवाल्यांनीही हे वाचावं. "रोहितला द्या, १६.३० कोटी मोकळे होतील" असं लिहिणारे आपल्याच वाड्यांत आहेत. होतील की! मुंबई लिलावात फक्त २.७५ कोटी घेऊन बसली होती हेही खरं. पण ज्या बाजारात नवखा पोरगा १४.२० ला जातो तिथे १६.३० मध्ये रोहित कुठून आणणार?

हे सगळं पाचाडात बसून कशाला लिहितोय? कारण हाच लिलाव आता आपल्या दारात आलाय. वाडीवाडीची प्रीमियर लीग, संघमालक, पॉइंटची पर्स, आयकॉन खेळाडू, मोबाईलवर लाईव्ह. टेनिस बॉलची स्पर्धा असली तरी थाट सगळा आयपीएलचा. मला ते आवडतं, पोरं एकत्र येतात, मुंबईची मंडळी गावाला येतात.

पण थाट उचलताना एक गोष्ट तिकडेच राहिली. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय अदलाबदल होत नाही. जडेजाला विचारलं गेलं, त्याने हो म्हटलं, आकडाही कमी करून घेतला. आपल्याकडे चाळिशीतला दादा, ज्याने वर्गणी गोळा केली, मैदान साफ केलं, पंधरा वर्षं वाडीची बॉलिंग टाकली, त्याचं नाव माईकवरून पुकारतात आणि कोणीच हात वर करत नाही. "अनसोल्ड!" असं स्पीकरवर ओरडतात, आणि खुर्च्यांवर त्याची बायका-पोरं बसलेली असतात. जडेजा १४ कोटी घेऊन गेला. हा काय घेऊन घरी जातो?

यावर तोडगाही आयपीएलमध्येच आहे. पाच वर्षं देशाकडून न खेळलेला भारतीय खेळाडू ४ कोटींत ठेवता येतो, म्हणून धोनी आजही चेन्नईकडे आहे. आपणही तेच करू. पस्तिशीच्या पुढचा एक खेळाडू प्रत्येक वाडीने ठरलेल्या कमी पॉइंटला, लिलावाबाहेर, त्याला विचारून आपल्याकडे ठेवायचा. ज्याला घेतलं नाही त्याचं नाव माईकवर पुन्हा घ्यायचं नाही, "अनसोल्ड" हा शब्दच वापरायचा नाही. रायगडवाडी, सांदोशी, छत्री निजामपूर, कोंझरकडची जी मंडळी यंदा स्पर्धा भरवतायत त्यांनी पर्स ठरवायच्या बैठकीतच हा विषय घ्यावा. अडचण असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, पण आकड्यांसकट सांगा.