नोंदवहीबाहेरची वस्ती

स्वच्छतेच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०२० साली मोठ्या शहरांत तिसरा क्रमांक पटकावणाऱ्या, मोरबे धरणासारखा स्वतःच्या मालकीचा जलसाठा बाळगणाऱ्या आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे आपले स्थान फारसे ढळू न देणाऱ्या नवी मुंबईच्या रहिवाशांस आपल्या शहराचा अभिमान वाटावा, यात गैर काहीच नाही. परंतु ज्या हातांनी हे शहर उभे केले, त्या हातांच्या वाट्याला या कीर्तीचा कितीसा अंश आला, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने पामबीच मार्गावरील रंगवलेल्या भिंती क्षणभर विसरून पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी दिघ्याकडे जावे, तुर्भ्याच्या खाणीलगतच्या झोपड्यांतून हिंडावे, अथवा कोणत्याही नव्या गृहसंकुलाच्या मागल्या अंगास पत्र्याच्या खोल्यांची जी रांग कुंपणाआड दडलेली असते तिच्यात डोकवावे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि आगरी-कोळी गावांच्या शेतांवर व मिठागरांवर नगराची आखणी सुरू झाली, तेव्हापासून येथे मजुरांची रीघ लागली आहे. दुष्काळाने पोळलेल्या मराठवाड्यातून माणसे आली, दगडखाणींत घण चालवण्यासाठी वडार कुटुंबे आली, घाऊक बाजार मुंबईहून इकडे हलल्यावर हमाल-मापाडी आले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांनी आपली माणसे आणली. आणि आता उंच इमारतींच्या कामावर बिहार, झारखंड, बंगालचे तरुण मुकादमाचे बोट धरून येतात, स्लॅब पडला की दुसऱ्या जागी जातात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्यांना अक्षरशः लागू पडावी अशी ही लोकसंख्या आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या विमानतळाचे थाटामाटाने उद्घाटन झाले, तोही अशाच माणसांनी बांधला.

त्यांच्या आरोग्याची तजवीज कोणी करावयाची, या प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर तयार आहे. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले. त्यान्वये शहरातील गरीब वस्त्यांत दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा कार्यकर्ती असावी, पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती असावी व तिला वर्षाकाठी पाच हजार रुपयांचा निधी मिळावा, अशी योजना झाली. योजना वाईट नाही. किंबहुना जिथे वस्ती मुरलेली आहे तिथे आशाताईंनी जे काम केले आहे त्याची बरोबरी आपल्या आरोग्यखात्यातील दुसरा कोणताही वर्ग करू शकणार नाही. अडचण अशी की आशा ही त्याच वस्तीची रहिवासी असावी, शक्यतो दहावी शिकलेली असावी, आणि तिच्या नोंदवहीतली घरे वर्षाच्या शेवटी जिथल्या तिथे असावीत, या गृहीतांवर सारी इमारत उभी आहे. लेबर कॅम्पात यांतले एकही गृहीत टिकत नाही. तिथे रहिवासी कोणीच नसतो, दहावी झालेली स्त्री क्वचितच सापडते, आणि मार्चमध्ये मोजलेली घरे जूनमध्ये जागेवर नसतात.

त्यात भर पडते ती हद्दीची. ऐरोलीच्या कामावरचा मजूर उलव्याच्या कामावर गेला की तो ठाणे जिल्ह्यातून रायगड जिल्ह्यात गेला, महानगरपालिकेच्या अंमलातून सिडकोच्या इलाख्यात गेला. आणखी थोडा पुढे सरकला तर २०१६ साली जन्मलेली पनवेल महानगरपालिका लागते, तिचे दफ्तर निराळे. खाडी ओलांडायला त्याला अर्धा तास लागला असेल. त्याच्या क्षयाच्या औषधाच्या कागदाला कधी कधी अर्धा महिना लागतो, आणि तेवढ्या अवधीत औषध खंडित झाले की रोग अधिक निगरगट्ट होऊन बसतो.

हिवतापाचेच उदाहरण घ्या. बांधकामावर लिफ्टसाठी खोदलेल्या खड्ड्यात, स्लॅब मुरवण्यासाठी बांधलेल्या आळ्यांत आणि उघड्या टाक्यांत डास वाढतो, आणि आजूबाजूच्या संकुलांतील सुखवस्तू माणसांनाही तो समभावाने चावतो. मजुराला थंडी वाजून ताप येतो, रक्ताची काचपट्टी घेतली जाते, व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप निघतो. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने ताप उतरतो. परंतु यकृतात दडून बसलेले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या सलग चौदा दिवस घ्याव्या लागतात, आणि ज्याचा ताप चौथ्या दिवशी उतरला व पाचव्या दिवशी जो सेंट्रिंगच्या कामावर परतला, तो उरलेले दहा दिवस गोळ्या का म्हणून घेईल? पुडी उशाखाली राहते. महिना-दोन महिन्यांनी ताप उलटतो, तोवर माणूस दुसऱ्या कामावर गेलेला असतो, आणि तिथले आरोग्यखाते त्याची नवा रुग्ण म्हणून नोंद करते. या सबंध साखळीत डॉक्टर कमी पडला नाही, औषधही कमी पडले नाही. रोज संध्याकाळी त्या पत्र्याच्या खोलीशी थांबून ‘आजची गोळी घेतली का रे?’ असे त्याच्याच बोलीत विचारणारे माणूस तेवढे नव्हते.

डेंग्यूच्या डासाची गोष्टही बोधप्रद आहे. पालिकेचा कर्मचारी येतो, दारातल्या निळ्या ड्रमात वळवळणाऱ्या अळ्या दाखवतो आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा, असा उपदेश करून जातो. उपदेश शास्त्रशुद्ध आहे, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. परंतु ज्या बाईला टँकरचे पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तिला भरलेला ड्रम ओतून दे म्हणणे ही थट्टा झाली. तिच्याच रांगेत राहणारी, तिच्यासारखीच टँकरची वाट पाहणारी बाई मात्र हे जाणते की टँकर येण्याआधी ड्रम तळाशी जातोच; त्या वेळी तो आडवा करून आतल्या बाजूने घासून काढावा, कारण अंडी पाण्यात नव्हे तर भिंतीला चिकटून बसतात व कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात; आणि भरल्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा तोंडाला घट्ट बांधावा. शास्त्र तेच, परंतु वस्तीतल्या बाईच्या तोंडून ते आचरणात येण्याजोगे झाले.

वस्तीला परक्या असलेल्या सरकारी माणसाने आरोग्यरक्षण करू जाता काय होते, याचा धडा आपल्या प्रांताने फार महागात घेतला आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला, लोक शहर सोडून पळू लागले, आणि पुढल्या वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घेतल्या; परिणाम असा झाला की लोक रोगापेक्षा तपासणीला अधिक भिऊ लागले व रुग्ण लपवू लागले. त्याच काळात सावित्रीबाई फुले हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात स्वतः रुग्ण आणीत होत्या आणि मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आल्यावर त्यांनाच त्या रोगाने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. एकाच साथीत, एकाच परिसरात आरोग्यसेवेची ही दोन रूपे लोकांनी पाहिली.

सामान्य माणसास थोडे शिकवून किती साधता येते, याबद्दल शंका घेणाऱ्यांनी १९७१ साल आठवावे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे मरत होती, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात घालून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्याही खाली आले. ते नातेवाईक डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. ते स्वतः विस्थापित होते.

आणि जामखेड तर आपल्या घरचेच. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम आरंभले, तेव्हा शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहावयास तयार होईनात. म्हणून त्यांनी गावातल्याच, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना हाताशी धरले. या स्त्रियांना एकदा शिकवून प्रमाणपत्र देऊन वाटेला लावले नाही, तर पुन्हा पुन्हा बोलावून, त्यांनी पाहिलेले रुग्ण त्यांच्याच तोंडून ऐकून शिक्षण चालू ठेवले. त्याउलट २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने मोठ्या उत्साहाने जी ग्रामीण आरोग्य स्वयंसेवकांची योजना जाहीर केली, तीत तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना पन्नास रुपयांचे मानधन आणि गावच्या वजनदार मंडळींनी सुचवलेली नावे असा संच जमला. निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि योजना नावे पालटत क्षीण होत गेली. निवड कोण करतो आणि शिक्षण किती दिवस चालते, या दोन गोष्टींनी अशा योजनांचे भवितव्य ठरते. अभ्यासक्रमाची जाडी सर्वांत गौण.

तेव्हा माझे म्हणणे असे की नवी मुंबईतील स्थलांतरित वस्त्यांसाठी आरोग्य कार्यकर्ती मजुरांच्या टोळीतूनच निवडावी, ती टोळीबरोबर जाईल हे गृहीत धरूनच तिला शिकवावे, आणि तिचे जाणे हे योजनेचे नुकसान न मानता योजनेचा हेतू मानावे. हे अगदीच अपूर्व नाही. एड्स नियंत्रणाच्या २००७ ते २०१२ या टप्प्यात ट्रकचालक व स्थलांतरित कामगार यांच्यातलीच माणसे प्रबोधक म्हणून तयार करण्याचे धोरण होते. आणि बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आल्यानंतर टोळीतल्याच स्त्रियांना प्राथमिक औषधोपचार शिकवून त्यांच्यासोबत औषधांची पेटी देण्याचा प्रयोग त्या जिल्ह्यात झालेला आहे. उसाच्या फडाला जे जमते, ते इमारतीच्या पायाला न जमण्याचे कारण नाही.

निवडीच्या वेळी एक मोह हटकून होईल, तो टाळला पाहिजे. मुकादमाची बायको चटपटीत असते, तिला चार अक्षरे येतात, ती कार्यालयात बिचकत नाही. म्हणून अधिकारी तिचेच नाव लिहून घेतील. पण अंगावरून पांढरे जाते किंवा खोकल्यातून रक्त पडते, ही गोष्ट जिच्या नवऱ्याच्या हातात आपला हजेरीपट आहे तिला कोणती मजूरबाई सांगेल? कार्यकर्ती हजेरीपटाच्या अलीकडची हवी, मग ती अंगठाबहाद्दर का असेना. नोंदीसाठी चित्रांची वही करता येते.

शिकवणी वाशीच्या वातानुकूलित सभागृहात दहा ते पाच भरवली तर येणारीचा त्या दिवसाचा रोज बुडेल. कामाच्या जागेवर, संध्याकाळच्या चुली पेटण्याआधी तासभर, हिंदी, बंगाली, कन्नड अशा ज्या भाषेत वस्ती बोलते तिच्यात, आणि थोडे थोडे पण खंड न पडता शिकवावे. अतिसारात क्षारसंजीवनी कशी द्यावी, सोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस का द्याव्या, बाळाला सहा, दहा व चौदा आठवड्यांनी कोणती लस लागते, माता-बाल संरक्षण कार्ड गावी जाताना गाठोड्यात का बांधून न्यावे, दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी कुठे तपासावी. हे सारे येते. परंतु यापेक्षा अवघड एक धडा आहे व तो बहुतेक अभ्यासक्रमांत नसतो: अर्ज कसा करावा.

कारण पाण्याविना स्वच्छता शिकवणे म्हणजे उपाशी माणसास पथ्य सांगणे होय. शंभर माणसांमागे दोन शौचकूप असतील, त्यांतल्या एकाचे दार मोडलेले असेल, तर हात कधी धुवावेत हे शिकवून काय उपयोग? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पिण्याचे पाणी, शौचालये आणि राहण्याची तात्पुरती व्यवस्था यांचे दायित्व मालकावर टाकले. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघरही सांगितले. कार्यकर्तीने पाण्याची, शौचालयाची तक्रार नोंदवावी, आणि त्या तक्रारीस प्रभाग अधिकाऱ्याने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे, एवढा अधिकार तिच्या नेमणुकीच्या हुकुमात असला पाहिजे. तो नसेल तर तिला आपण मजुरांच्या अस्वच्छतेबद्दल मजुरांनाच दोष देणारी आणखी एक व्यक्ती बनवू, याहून निराळे काही साधणार नाही. ठेकेदाराने तिला कामावरून काढू नये याचाही बंदोबस्त त्याच हुकुमात हवा.

मेहनतान्याबद्दल संकोच नको. २०२४ च्या प्रारंभी राज्यभरातल्या आशा कार्यकर्त्या आझाद मैदानावर का बसल्या होत्या, हे ज्यांनी वाचले त्यांना ‘सेवाभाव’ या शब्दाच्या आडोशाने स्त्रियांच्या श्रमाचा किती भाग फुकट घेतला जातो हे सांगावयास नको. पैसा नाही ही सबब तर मुळीच चालणार नाही. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक इतका उपकर कामगार कल्याणासाठी वसूल होतो. ज्या मजुरासाठी तो वसूल होतो त्याला मात्र वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणल्याशिवाय कामगार कल्याण मंडळाच्या दारात उभे राहता येत नाही, आणि तो दाखला देणाऱ्या ठेकेदाराचे नावही त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. या निधीतून कार्यकर्तीस दरमहा ठरावीक रक्कम मिळावी, आणि ऐरोलीत मिळालेला तिचा दाखला पनवेलच्या, सिडकोच्या व रायगड जिल्हा परिषदेच्या हद्दीतही चालावा, म्हणजे तिची नेमणूक दर मुक्कामी नव्याने करावी लागणार नाही.

एवढ्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. इमारतीचे जोते झाले की ते तपासून दाखला देण्यासाठी नगररचना विभागाचा माणूस जागेवर जातोच, आणि तोवर मजुरांचा तळ तिथे कित्येक महिने पडलेला असतो. त्याच फेरीत त्याने छावणीच्या आरोग्य कार्यकर्तीचे नाव, तिची चित्रांची वही आणि तिने केलेल्या तक्रारींची उत्तरे पाहावीत, ती नसतील तर जोत्याचा दाखला रोखून धरावा, असे परिपत्रक आयुक्तांना उद्या काढता येईल.